कोथिंबिरीवरच्या छत्र्या

यंदा चैत्र शुद्ध तृतीयेला संध्याकाळी आमच्या घरी गौरीचं हळदीकुंकू झालं. खर्च एक हजार चारशे वीस रुपये. हजर आम्ही तिघं, म्हणजे मी, बायको आणि नोकरीच्या गावाहून चार दिवसांसाठी आलेली मुलगी, आणि बिल्डिंगमधल्या आठ बायका. त्यांत मराठी एकही नव्हती, पण डाळ सगळ्यांनी दोनदा घेतली.

दुसऱ्या दिवशी खर्चाचा तपशील मांडायला बसलो तेव्हा ध्यानात आलं की त्यात एकही वस्तू घरची नाही. कैऱ्या विकत, कोथिंबीर विकत, पुदिना विकत, काकड्या विकत, गजरेसुद्धा विकत. बायकोला तसं म्हणालो. ती फुलपात्रं पुसून ठेवत होती. म्हणाली, "काका असते तर आपल्या दारातनं परत गेले असते."

काका म्हणजे आमचे घरमालक. नात्याचे नव्हेत. प्रेम नगरात त्यांचं बैठं घर होतं, वर दोन खोल्या काढलेल्या, आणि मागे घराहून मोठी बाग. त्या दोन खोल्यांत आम्ही चौदा वर्षं भाड्याने राहिलो. काका सरकारी ओव्हरसियर म्हणून निवृत्त झालेले, लग्न न केलेले. गल्लीतले लोक त्यांना ओव्हरसियर साहब म्हणत. आमच्यासारखेच तेही झाशीच्या जुन्या मराठी घरातले. त्यांच्या चैत्रगौरीला बाजारातून तीनच वस्तू येत: हरभरे, गूळ आणि हिंग. त्यातल्या हिंगाचं त्यांना कायम वाईट वाटे. हिंगाचं झाड या हवेत का लागू नये, याचं समाधानकारक उत्तर त्यांना कोणी दिलं नव्हतं.

खोल्या बघायला आम्ही पहिल्यांदा गेलो तेव्हा मी पगाराचा कागद खिशात घेऊन गेलो होतो. त्यांनी तो मागितलाच नाही. आम्हाला ओट्यावर बसवलं आणि बायकोला विचारलं, "आमटीला तुमच्याकडे काय लागतं? चिंच की आमसूल?"

ती ग्वाल्हेरची. म्हणाली, चिंच.

"मग ठीक. आमसूल इथे लागत नाही. मागे एक भाडेकरू होते, दर महिन्याला आमसुलाची आठवण काढायचे. मला ते ऐकवत नसे."

मग अटी सांगितल्या. भाडं पाच तारखेच्या आत. विजेचं वेगळं. बागेतला एक वाफा आमच्याकडे, त्यात काय लावायचं ते आम्ही ठरवायचं पण रिकामा ठेवायचा नाही, आणि ज्याचं काही खाता येत नाही ते लावायचं नाही. चौथी अट बायकोकडे बघून सांगितली. चैत्रात त्यांच्या गौरीचं हळदीकुंकू तिने करायचं. घरात बाई नाही, आणि पुरुषाने बायकांना कुंकू लावणं बरं दिसत नाही. मला वाटलं हे बोलण्यातलं असेल, पण करारावर सही करताना पाहिलं तर चारही अटी टाइप केलेल्या होत्या.

वाफ्याचं मला काही कळत नव्हतं. पहिल्याच रविवारी मी माती सारखी केली आणि पालक पेरला. काका स्पिरिट लेव्हल घेऊन आले, वाफ्याच्या कडेला ठेवली, वाकून बुडबुडा पाहिला आणि म्हणाले, "उगवतीकडे दोन सूत खाली आहे. पाणी एकाच अंगाला जाईल. पालकाला नंतर वाटेल, मालकाने भेदभाव केला." मी पुन्हा माती सारखी केली. पुढे त्या पालकाची भाजी मी वाटीभर खाली नेऊन दिली तेव्हा त्यांनी चमच्याने एक घास घेतला, डोळे मिटले आणि सांगितलं, "पश्चिमेकडची पानं चांगली आहेत."

ते झाडांशी बोलत. तसं पुष्कळ लोक बोलतात. काका हिंदीत बोलत, आणि रागावले की ठेठ बुंदेलीत. लिंबाच्या झाडाला एकदा फळ धरलं नाही तर त्याच्यासमोर कमरेवर हात ठेवून उभे राहिले आणि म्हणाले, "काए, का सल्ला है तुमाई?" म्हणजे, काय, विचार काय आहे तुझा? मी विचारलं, घरात एवढं मराठीचं बघता आणि झाडांशी हिंदीत का? तर म्हणाले, "ती इथली आहेत. त्यांना आपली भाषा कशी येणार?"

माझ्या मुलीला मात्र ही सवलत नव्हती. ती लहान होती, शाळेतून हिंदी घेऊन घरी यायची. वरच्या खिडकीतून हाक मारायची, "काका, मम्मी ने धनिया मँगाया है।" काकांना ऐकूच यायचं नाही. दोनतीन हाका झाल्या की ती चिडून म्हणायची, "कोथिंबीर!" की लगेच कात्री निघायची. तिला आजही मराठी नीट समजतं, बोलता अर्धंमुर्धं येतं. पण पडवळ, घोसाळं, आळू, चाकवत हे शब्द तिच्या तोंडात स्वच्छ आहेत.

त्या कोथिंबिरीविषयी सांगायला हवं. झाशीत होळी झाली की ऊन एकदम चढतं. पंधरा दिवसांत कोथिंबीर फुलावर येते, पानं बारीक होतात, आणि बाजारातली जुडी महाग आणि वाळकी मिळते. डाळीवर घालायला तृतीयेच्या दिवशी घरची कोवळी कोथिंबीर हवी, हा काकांचा हट्ट. त्यासाठी त्यांनी मोडक्या छत्र्या जमवल्या होत्या. मानिक चौकात एक छत्री दुरुस्तीवाला पावसाळ्यात बसायचा. दुरुस्त न होणाऱ्या छत्र्या तो काकांसाठी बाजूला काढून ठेवी. काका त्यांना काळं कापड लावत, दांडे कापून टोकदार करत आणि फाल्गुन संपता संपता कोथिंबिरीच्या वाफ्यात ओळीने रोवत. सकाळी ऊन आलं की एकेक छत्री उघडायची, दुपारी पश्चिमेला कलती करायची, संध्याकाळी मिटायची. आमच्या वरच्या खिडकीतून पाहिलं तर पावसाची वाट बघत कोणी बुटकी माणसं रांगेत उभी आहेत असं वाटे. गल्लीतली पोरं बागेला छातेवाला बगीचा म्हणत. उन्हातून स्वतः जाताना मात्र काका डोक्यावर काही घेत नसत.

चैत्र त्यांच्या बागेत असा ठरवून यायचा. मोगरा केटलीने पाणी पिऊन तयार व्हायचा. चहाची जुनी तोटीची केटली होती, झारीने पाणी मुळापाशी पडत नाही म्हणून. पुदिना नळाखाली. काकड्या मांडवावर. आंबा एकच, पण लवकर मोहरणारा. तृतीया मार्चात आली तर त्याच्या कैऱ्या बोराएवढ्या असत आणि डाळीपुरता कीस पडायला टोपलीभर सोलाव्या लागत. म्हणून अधिक महिना येऊन गेला की काका खूश असायचे. गच्चीवर आमच्या कुरडया, त्यांच्या कुरडया, शेजारच्या भाभीजींचे आलूचे पापड एकाच धोतरावर वाळत पडलेले असायचे. भाभीजी म्हणजे पलीकडच्या घरातल्या बुंदेलखंडी बाई, काकांपेक्षा थोड्या लहान, पण त्यांना वाटेल ते बोलणाऱ्या. एका पाडव्याला काकांनी पुरणात गुळाऐवजी महुआची, म्हणजे मोहाची, फुलं शिजवून घातली. भाभीजींनी पोळीचा तुकडा तोडला, हुंगला आणि म्हणाल्या, "ओव्हरसियर साहब, ये पूरन पोली है कि ठेका खुल गया?" ठेका म्हणजे इकडे दारूचं दुकान. काकांनी उरलेल्या सगळ्या पोळ्या एकट्याने संपवल्या. चूक झाली असं काही म्हणाले नाहीत.

गौर त्यांच्या आईची. पितळेची, बोटाएवढी, पितळेच्याच पाळण्यात बसणारी. आपल्याकडे गौर चैत्रात महिनाभर माहेरी येते असं मानतात, हे सगळ्यांना माहीत आहे. काका ते अक्षरशः मानत. तो महिनाभर त्यांचा आवाज उतरलेला असे. भाजीवाल्याशी घासाघीस बंद. रेडिओ हळू. मी एकदा जिन्यात मोठ्याने बोललो तर त्यांनी खालून हात केला: "मुलगी आली आहे. जरा झोपली असेल."

हळदीकुंकवाच्या दिवशी माझी बायको आत असे आणि काका फाटकापाशी उभे, इस्त्रीचा सदरा, हातात गुलाबदाणी. तृतीयेला इकडच्या बायकांचीही गनगौर असते. त्या आपली पूजा आटोपून तशाच नटलेल्या यायच्या. ओटीत भिजवलेले हरभरे, काकडी आणि मोगऱ्याची फुलं पडायची. वाटीत डाळ, पेल्यात पन्हं. काका आत येत नसत. फक्त सकाळी, डाळ भिजत घालताना, बायकोला दरवर्षी एकच गोष्ट सांगत: "एखादी जास्त येईल. बेताची करू नका."

ही एखादी कोण, ते आम्हाला तिसऱ्या वर्षी कळलं.

बोलावणं करायला काका स्वतः जात. द्वितीयेला कुंकवाची कोयरी घेऊन घरोघरी, आधी प्रेम नगर, मग खंडेराव गेटकडची जुनी मराठी घरं आणि त्यांच्या आजूबाजूचीही. त्या वर्षी त्यांचा गुडघा दुखत होता म्हणून मी बरोबर गेलो. खंडेराव गेटच्या एका गल्लीत त्यांनी एका घरी बोलावणं केलं, पुढच्या दाराकडे न बघता पुढे गेले आणि त्याच्या पलीकडच्या घरी बोलावणं केलं. सोडलेल्या घराच्या सज्जात एक बाई उभ्या होत्या. पन्नाशीच्या, चष्मा लावलेल्या. त्या आमच्याकडे बघत होत्या. काकांनी मान वर केली नाही. मला वाटलं भांडण असेल.

परतताना मी विचारलं, तिथे कोण राहतं?

"माझी बहीण."

"मग तिथे नाही सांगितलं?"

काका थांबले. माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी काहीतरी खुळ्यासारखं बोललो आहे. "घरच्या मुलीला बोलावणं करतात का? तिचं घर आहे ते."

हळूहळू बाकीचं कळलं, थोडं त्यांच्याकडून, बरंचसं भाभीजींकडून. बहिणीने तरुणपणी आपल्या मनाने लग्न केलं होतं, तिच्याच शाळेत शिकवणाऱ्या एका हिंदी घरच्या माणसाशी. वडिलांनी तिचं नाव टाकलं. वडील होते तोवर काकांनी तोंड उघडलं नाही. वडील गेल्यावर तेराव्याला ती फाटकापर्यंत येऊन परत गेली, असं भाभीजी म्हणत. त्याच वर्षी काकांनी आईची गौर माळ्यावरून काढली आणि हळदीकुंकू सुरू केलं. सगळ्या गावाच्या बायका येतील, त्या गर्दीत तीही येईल. कोणी कोणाची माफी मागायला नको, कोणी कोणाला काही विचारायला नको. बागेतलं सगळं त्या एका संध्याकाळसाठी होतं. छत्र्यासुद्धा. ती यायची नाही. शेवटची बाई गेली की काका गुलाबदाणी ठेवून बागेत जायचे आणि एकेक छत्री मिटत यायचे. तेवढा वेळ आम्ही खिडकीत जात नसू.

आता तिथे चार मजली इमारत आहे. काका गेल्यावर नात्यातल्या एका पुतण्याने जागा विकली. त्याने आधी आम्हाला विचारलं होतं, पण तेवढी ऐपत नव्हती. मोगऱ्याच्या जागी मोटारी उभ्या राहतात. आम्ही त्याच भागात एक फ्लॅट घेतला, बाल्कनीत पाच कुंड्या. त्या मी अधूनमधून स्पिरिट लेव्हलने बघतो, हे बायकोला हास्यास्पद वाटतं. कोथिंबीर दरवर्षी लावतो. होळीनंतर टिकत नाही. छत्री रोवायला कुंडी पुरत नाही, आणि बाल्कनीत छत्री बांधली तर सोसायटीचे लोक विचारतात की हे काय. फाल्गुन संपत आला की मला संध्याकाळी खाली उतरून मागे जावंसं वाटतं. कुठे मागे, ते ठिकाणच नाही. मुलगी फोनवर विचारते, "पापा, इस बार कैरी कितनी बड़ी है?" मी बाजारात बघून तिला सांगतो.

असो. मला सांगायचं आहे ते आमच्या सातव्या की आठव्या वर्षातलं.

तृतीयेच्या तीन दिवस आधी बायको मानिक चौकात हरभरे आणायला गेली होती. दुकानात शेजारी उभ्या असलेल्या बाईंनी तिला विचारलं, आप उन्हीं के यहाँ ऊपर रहती हैं न? मी सांगितलेल्या चष्म्यावरून बायकोने ओळखलं. बाई काही वेळ डाळीचे भाव बोलल्या. मग म्हणाल्या, कैरी लागली का? बायको म्हणाली, लागली, लिंबाएवढी आहे. बायकोने धीर करून विचारलं, तुम्ही का येत नाही?

"बुलौआ आए तब न," त्या म्हणाल्या. "दाएँ वाली को आया, बाएँ वाली को आया। हर साल मैं सज्जे पर खड़ी रहती हूँ। हर साल मेरे दरवाज़े से आगे निकल जाते हैं।"

हरभरे तिथेच विसरून बायको घरी आली. मी कामावरून येऊन चहा घेत होतो. तिने मला एका दमात सांगितलं आणि मी काही बोलायच्या आत जिना उतरून खाली गेली. मीही मागून गेलो. काका काकडीच्या मांडवाखाली सुतळी बांधत होते. तिने जसंच्या तसं सांगितलं, हिंदीतलं हिंदीत.

काकांच्या हातातली सुतळी तशीच राहिली. "असं म्हणाली?"

"असंच."

"पण बोलावणं परक्यांना करतात. मी तिला बोलावलं असतं तर ती पाहुणी झाली असती. आमच्या आईने कधी लेकीला बोलावणं पाठवलं असतं का?"

"काका, तुमच्या मनातलं तिला कसं कळणार?"

"तिला कळायला नको? याच घरात वाढली ती."

बायकोने त्यांना सांगितलं की त्या इतकी वर्षं दुसऱ्या घरात आहेत, तिथे सुनेला आणि लेकीला बुलौआ आल्याशिवाय कोणी पाऊल उचलत नाही. तुमचा मान तिथे अपमान दिसतो. काका ऐकत राहिले. मग सुतळी खिशात घालून आत गेले आणि दार लावून घेतलं.

दुसऱ्या दिवशी छत्र्या उघडल्या गेल्या नाहीत. दुपारी कोथिंबीर झोपली. मी खाली जाऊन उघडाव्या का असं बायकोला विचारलं, ती म्हणाली, आपण हात लावायचा नाही. द्वितीयेला सकाळी काका बोलावणं करायलाही निघाले नाहीत. दुपारी बायको त्यांना ताट द्यायला गेली तेव्हा ते ओट्यावर कोयरी पुढ्यात घेऊन बसले होते. म्हणाले, "जाऊन सांगू तरी काय? बाईसाहेब, उद्या आमच्याकडे यायचं करा? स्वतःच्या बहिणीला? माझ्या तोंडून निघणार नाही. आणि नाही सांगितलं तर यंदाही ती सज्जात उभी राहील."

भिंतीपलीकडे भाभीजी पापड उलटत होत्या. त्यांना सगळं ऐकू जात असे आणि आपल्याला ऐकू गेलं हे त्या लपवीत नसत. भिंतीवरून डोकं काढून त्या म्हणाल्या, "तो बुलाओ मत, भैया। बहन को बुलाता कौन है? लिवाने जाते हैं। जाओ, लिवा लाओ।"

काकांनी पुढ्यातली कोयरी उचलून बाजूला ठेवली. मग बायकोला म्हणाले, "आमच्याकडेही होतं हे. भाऊ मुराळी जायचा. माझे मामा आईला न्यायला यायचे." आणि भाभीजींना म्हणाले, "ये आपने पहले क्यों नहीं कहा?"

"आपने दीवार के इस तरफ़ कभी कुछ पूछा?" भाभीजी म्हणाल्या आणि पुन्हा पापडांकडे वळल्या. त्या संध्याकाळी काका उशिरापर्यंत हिंडून बाकीच्यांचं बोलावणं करून आले.

तृतीयेच्या दिवशी दुपारी तीन वाजता मी आणि काका ई-रिक्षाने निघालो. काकांनी इस्त्रीचा सदरा घातला होता. बायकोने कैऱ्या आणि मोगरा भरून एक टोपली तयार केली होती, ती त्यांनी घेतली नाही. "न्यायला जाताना हात मोकळे असावेत," म्हणाले. रिक्षावाल्याला गल्लीच्या तोंडाशी थांबायला सांगितलं. मी थांबण्याचे पैसे आधी ठरवून घेऊ लागलो तर त्यांनी माझा दंड दाबला.

दार मेहुण्यांनी उघडलं. बारीक, पांढऱ्या मिशांचे, बनियनवर. त्यांनी काकांना वरपासून खालपर्यंत पाहिलं. मला वाटलं, आता काही होणार. ते बाजूला झाले आणि म्हणाले, "आइए, साले साहब। चाय तो कब की चढ़ा रखी है, उबल-उबल के काढ़ा हो गई।"

काका आत गेले, पण बसले नाहीत. बहीण आतल्या दारात आली. हात कणकेचे. मेहुणे माझ्याकडे वळून मला विचारू लागले की आपण कुठे काम करता, आणि मी काहीतरी सांगू लागलो.

मग त्या मराठीत बोलल्या. शब्द जरा शोधत, पण स्वच्छ. "आज कसा रस्ता सापडला?"

"चल," काका म्हणाले.

"कुठे?"

"घरी."

"बोलावणं नाही आलं मला."

"बोलवायला आलोच नाही. न्यायला आलोय."

त्या आत निघून गेल्या. आम्ही थांबलो. चहा आला, तो खरंच काढ्यासारखा होता. मेहुणे आपल्या निवृत्तीवेतनाविषयी बोलत होते, काका भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होते, आणि मी बाहेर उभ्या रिक्षाचा विचार करत होतो, कारण मला तसा विचार आपोआप सुचतो. बराच वेळ झाला. आतून नळाचा आवाज आला, मग कपाट उघडल्याचा. त्या आल्या तेव्हा अंगावर तीच साडी होती. हात धुतलेले, हातात फक्त चष्म्याचं घर. नवऱ्याला म्हणाल्या, आटा सना रखा है, रोटी सेंक लेना. ते म्हणाले, "हाँ हाँ। तुम जाओ। अपनी रोटी तो मैं गोल बना ही लेता हूँ, भारत का नक़्शा तो तुम्हारी बनती है।"

प्रेम नगरात वळताना काकांनी रिक्षावाल्याला सांगितलं, फाटकाबाहेर थांब, परत सोडायला जायचं असेल, केव्हाही जायचं म्हणतील.

फाटकात शिरल्यावर त्या थबकल्या. काकांनी सकाळीच छत्र्या उघडल्या होत्या. झोपलेली कोथिंबीर पुन्हा उभी राहिली नव्हती सगळी, पण निम्मी राहिली होती.

"हे काय आहे?"

"कोथिंबीर."

त्या हसल्या. काकांनी मात्र गंभीरपणे सांगायला सुरुवात केली की पश्चिमेचं ऊन जास्त वाईट असतं. बाईंनी मध्येच विचारलं, "वाटली का डाळ?" आणि उत्तराची वाट न बघता सरळ स्वयंपाकघरात गेल्या. कुठे काय आहे हे त्यांनी कोणाला विचारलं नाही. माझ्या बायकोने तयार केलेली डाळ चाखली, म्हणाल्या, छान आहे, कैरी अजून हवी, आणि किसणी हातात घेतली. बायको सांगते की त्यानंतर तिला त्या घरात पहिल्यांदा पाहुणीसारखं वाटलं, आणि ते बरं वाटलं.

बायका येत राहिल्या. काका नेहमीप्रमाणे फाटकापाशी गुलाबदाणी घेऊन उभे. फरक एवढाच की त्यांची नजर आत नव्हती, रस्त्यावरच्या रिक्षाकडे होती. रिक्षावाला सीटवर पाय पसरून पडला होता. त्याने जरा हालचाल केली की काका दचकत. मी दोनदा म्हणालो, काका, त्याचं मीटर नसलं तरी पैसे चढतायत. ते म्हणाले, "चढू देत." थोड्या वेळाने स्वतःच म्हणाले, "तिला निघायचं असलं आणि वाहन नसलं तर अडकवून ठेवल्यासारखं होईल." मी रिक्षावाल्याला डाळ आणि पन्हं नेऊन दिलं. त्याने डाळीचं नाव विचारलं.

सगळ्यांत शेवटी भाभीजी गेल्या. जाताना त्या काकांशी काही बोलल्या नाहीत, फक्त आत एकदा बघून मान हलवली. उजेड मावळत होता. काका फाटक धरून उभे होते. आतून बहीण पदराला हात पुसत ओट्यावर आली आणि रस्त्याकडे बघू लागली. काका ताठ झाले. मी रिक्षावाल्याला उठवायला निघालो.

"त्याला कशाला बसवून ठेवलंय?" त्या म्हणाल्या. "सोड त्याला. मी महिना संपल्यावर जाईन."

काकांनी सदऱ्याच्या खिशात हात घातला. बोटांना नोटा सापडेनात. मग सापडल्या. जाण्यायेण्याचे ऐंशी आणि थांबण्याचे दीडशे, असे दोनशे तीस रुपये त्यांनी रिक्षावाल्याच्या हातावर ठेवले. तो परतीच्या फेरीचं विचारू लागला तेव्हा काका म्हणाले, "परतीची फेरी नाही, भैया." ते पैसे त्यांनी माझ्यासमोर मोजून दिले.